बाबांच्या नंबरावर गेलेला ओटीपी

आमगावच्या ऑनलाइन सेंटरवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मी बसले, तेव्हा माझ्याआधी चार-पाच मुलं कागदांचे गठ्ठे मांडीवर घेऊन रांगेत होती. माझाही गठ्ठा होता. बारावीची गुणपत्रिका, टीसी, दहावीतच काढून ठेवलेला जातीचा दाखला, कॉलेजची प्रवेशाची पावती. सेंटरवाल्या दादांनी माझा आधार नंबर टाकला, बटन दाबलं आणि स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "ओटीपी गेला. बोल जल्दी."

माझ्या हातातला फोन गप्प होता. मी स्क्रीनकडे वाकून पाहिलं. तिथे फुल्यांची एक ओळ होती आणि तिच्या शेवटी काही आकडे. ते आकडे मला पाठ होते. शाळेच्या डायरीत, गॅसच्या पुस्तकावर, राशनच्या दुकानात, लहानपणी जिथे जिथे घरचा फोन नंबर मागत तिथे तो मीच लिहायची. तो बाबांचा नंबर होता.

"रद्द करा," मी म्हणाले.

"आता गेला ना तो. रद्द का करू? कोणाचा नंबर हाय?"

"घरचा."

"मंग फोन लाव न घरी. दहा मिनिट चालते ओटीपी. माही अंगठ्याची मशीन बिघडली हाय, नाहीतर अंगठ्यावर केलं असतं."

मी फोन कानाला लावला. कोणालाच न लावता. थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि म्हणाले, "उचलत नाहीयेत." मग कागद गोळा करून बाहेर आले. रस्त्यावरून भाताची पोती लादलेला एक ट्रक जात होता. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी दुकानाच्या शटरला चिकटून उभी राहिले.

बाबा गोंदियाच्या एका राइस मिलचा ट्रक चालवायचे. आई आणि मी त्यांच्यापासून निघून आलो तेव्हा मी नववीत होते. लोकांना वाटायचं तसे ते दारू पिऊन धिंगाणा घालणारे नव्हते. त्यांचा आवाज गल्लीत कोणी कधी ऐकला नाही. फेरीहून घरी आले की ते आधी खिडक्या लावायचे. पुढची, मग बाजूची, मग स्वयंपाकघरातली. कडी नीट बसली की नाही ते बोटाने दाबून बघायचे. मग मला पलंगावर बसायला सांगायचे, उठायचं नाही म्हणायचे, आणि आईला अगदी हळू हाक मारायचे. मला त्यांनी कधी हात लावला नाही. मी पलंगावर बसून पायांच्या बोटांकडे बघत राहायची. खिडकीची कडी बसण्याचा तो लहानसा आवाज आजही कुठे आला की माझी मान आपोआप खाली जाते.

आम्ही दरेकसाच्या पुढे मामाच्या गावी राहिलो. तिथून गोंदियाच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. आईने पोटगी मागितली नाही. तिला फक्त सुटका हवी होती. मी बारावीला असताना निकाल लागला. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाबा आईजवळ आले. वकील बाजूलाच होते म्हणून असेल, ते अगदी समजुतीच्या सुरात बोलले. "तू जाय. पण पोरीच्या नावात मीच राहीन. कुठंबी गेली तरी कागद फिरून माह्यापाशीच येईन."

तेव्हा मला वाटलं, हे नुसतं बोलणं आहे.

नंतर आईला आमगावात मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. मागच्या बाजूला एक खोली मिळाली. आम्ही दोघींनी नवीन सिम घेतले आणि ते नंबर फक्त मामाला दिले. मला गोंदियाच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. गोंदिया म्हणजे बाबांचंच गाव. आईने पहिल्यांदा नाही म्हटलं, मग नागपूरच्या वसतिगृहाचा खर्च ऐकला आणि गप्प झाली. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, स्टेशनहून ऑटोने कॉलेज, तसंच परत. इकडेतिकडे फिरायचं नाही. एवढ्या अटीवर मी जायला लागले. फी शिष्यवृत्तीतून सुटणार होती. ती सुटली नाही तर कॉलेज सुटणार होतं. एवढं सरळ होतं ते.

आणि माझं आधार कार्ड काढलं होतं मी लहान असताना. बाबांनी मला कडेवर घेऊन. तिथे दिलेला मोबाइल नंबर अजूनही त्यांचाच आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्या दिवशी मी आईला काही सांगितलं नाही. मनाशी म्हणत राहिले, अशा मेसेजमध्ये नाव नसतं, आधारचे शेवटचे आकडे असतात. बाप आपल्या पोरीचे आधारचे आकडे लक्षात ठेवतो थोडाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आईसोबत वांगी चिरत होते. मामाचा फोन आला. आईने तो स्पीकरवर लावून डब्याला टेकवून ठेवला.

"तुह्या घरवाल्याचा फोन आला होता," मामा म्हणाला. घटस्फोट होऊनही त्याच्या तोंडात तोच शब्द होता. "पोरगी का करून राहिली, कोणत्या कॉलेजात हाय, विचारून राहिला होता. म्हणे तिच्या आधारचा ओटीपी आला मले. मी म्हटलो मले काही मालूम नाई."

आईच्या हातातली सुरी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती रागावेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हात पदराला पुसले, उठली आणि स्वयंपाकघराचं मागचं दार, जे दिवसभर उघडंच असायचं, त्याला कडी घातली.

"त्यात कॉलेजचं नाव गेलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"नक्की नाई?"

"नक्की नाही."

पण मला नक्की माहीत नव्हतं.

"नको भरू फारम," आई म्हणाली. "मी आणखी एका ठिकानचा सैपाक धरतो. पाहू आपन. जमलं तेवढं जमलं."

"नाही जमणार आई."

"मंग नको शिकू!" ती एकदम म्हणाली आणि लगेच तिचा चेहरा पडला. तिने माझ्या हातातलं वांगं घेतलं आणि स्वतः चिरायला लागली. वसतिगृहातल्या मुली ताटं घेऊन आल्या तेव्हा ती त्यांच्याशी नेहमीसारखीच बोलत होती. पण भाजीत तिने मीठ दोनदा टाकलं, आणि हे तिच्या हातून कधी होत नसे.

शेवटी अर्ज भरायचं ठरलं, ते आईच्याच तोंडून. एका सकाळी मला डबा देताना ती म्हणाली, "त्याच्या भेवानं घर सोडलं. आता त्याच्याच भेवानं तुही शाळा सोडू का?" माझं कॉलेज संपेपर्यंत ती त्याला शाळाच म्हणायची.

मी पोस्टातल्या आधार केंद्रावर जाऊन मोबाइल नंबर बदलायला दिला. तिथल्या बाईंनी बोटांचे ठसे घेतले, पावती दिली आणि म्हणाल्या, "होईल, पण वेळ लागेल." तोवर उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा म्हणून आम्ही तहसीलच्या सेतू केंद्रात गेलो. खिडकीतल्या माणसाने कागद चाळले.

"वडिलांचं उत्पन्न कुठे आहे?"

"आम्ही वेगळे राहतो," आई म्हणाली.

"वेगळे राहून चालत नाही ना बाई. वडील आहेत का?"

आमच्या मागे रांग होती. एका म्हाताऱ्या माणसाने मान पुढे काढली, काय उत्तर येतं ते ऐकायला. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "घटस्फोट झाला," ती इतक्या हळू म्हणाली की खिडकीतल्या माणसाने "काय?" म्हणून विचारलं आणि तिला पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.

"मग कोर्टाच्या निकालाची खरी नक्कल आणा. झेरॉक्स नाही चालत."

खरी नक्कल म्हणजे पुन्हा गोंदिया. पुन्हा तेच कोर्ट.

आई सकाळचा स्वयंपाक उरकून गाडीने आली, मी कॉलेजातून परस्पर स्टेशनवर गेले. तिथून दोघींनी तोंडाला स्कार्फ बांधले. ऑक्टोबरचं ऊन होतं, सगळ्याच बायका बांधतात, त्यामुळे कोणी वळून पाहिलं नाही. तरी ऑटोत आई एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती आणि समोरून ट्रक आला की डोळे मिटून घेत होती. मी तिचा हात धरला. तो गार होता. मला तोवर वाटत होतं की भीती माझ्यापुरती आहे, मी लहान आहे म्हणून. आई सगळ्यातून पार झाली आहे, असं माझं मत होतं. त्या ऑटोत मला कळलं की ती माझ्याहून जास्त भ्यायलेली आहे आणि तरी आली आहे.

नक्कल विभागात अर्ज दिला. स्टॅम्प लावला. बाबूंनी बसा म्हटलं. पाणी प्यायला म्हणून आम्ही नळाजवळ गेलो, स्कार्फ सोडले, आणि मागून आवाज आला, "वहिनी?"

बाबांच्या मिलमधला दुसरा ड्रायव्हर होता. पूर्वी घरी यायचा, माझ्यासाठी शेवचिवडा आणायचा. हसत जवळ आला. "इकडं कशा? केस तर खतम झाली ना?"

"दुसरं काम होतं," आई म्हणाली.

"पोरगी मोठी झाली न!" तो माझ्याकडे बघून म्हणाला, आणि त्याची नजर माझ्या गळ्यावरून खाली घसरली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी कॉलेजातून तशीच आले होते. ओळखपत्राची निळी फीत गळ्यात होती, आणि तिच्यावर कॉलेजचं नाव पांढऱ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा छापलेलं होतं.

मी फीत मुठीत धरली. तो आणखी काहीबाही बोलला, चहाचं विचारलं आणि गेला. त्याने वाचलं की नाही, हे मी आणि आई परतीच्या गाडीत सालेकसाकडे जाणाऱ्या बायकांच्या गर्दीत उभ्या राहून ठरवत होतो. आई म्हणाली, "त्याले वाचता येते का नाई कोन जाने." मी म्हणाले, "ड्रायव्हर आहे, पाट्या वाचतो."

नक्कल मिळाली. दाखला निघाला. माझा नंबर आधारला लागला आणि अर्ज भरून झाला. आता फक्त कॉलेजच्या ऑफिसातून तो पुढे जायचा होता. मला वाटलं, सुटलो.

एका दुपारी प्रात्यक्षिकाच्या वर्गात आम्ही पुतळ्यावर पट्टी बांधायला शिकत होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "ऑफिसात बोलावलं. तुमचे वडील आले आहेत."

वर्गातल्या मैत्रिणीने माझ्या हातातलं बँडेज घेतलं. तिला वाटलं, घरून डबा-बिबा आणला असेल. ऑफिसापर्यंतचा व्हरांडा लांब होता. मी भिंतीला हात लावत चालले होते. पळून जावं असं वाटत होतं, पण फाटक ऑफिसाच्या पुढूनच होतं.

शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या मॅडम दाराबाहेर येऊन उभ्या होत्या. माझे कागद त्यांच्याच हातून गेले होते, म्हणून त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मला कपाटाच्या आडोशाला घेतलं आणि विचारलं, "तुला त्यांना भेटायचं आहे का? नसेल तर नाही म्हण. मी सांगते त्यांना."

हा प्रश्न मला कोणी कधी विचारलाच नव्हता. नाही म्हटलं तर ते बाहेर थांबतील, हे मला माहीत होतं. स्टेशनच्या रस्त्यावर थांबतील.

"तुम्ही तिथे राहाल?" मी विचारलं.

"मी माझ्या खुर्चीवरून उठणार नाही."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. केस पांढरे झाले होते. मला बघून ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. बाहेर कुठलीतरी मोटर चालू होती, तिचा आवाज येत होता.

"तुह्या ओटीपीचा मेसेज आला होता मले," ते म्हणाले. खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. "पाह्य. पुसला नाई. मी गाडी रोडच्या बाजूले लावून बसलो होतो. म्हटलं, आता पोरीचा फोन येईन. नंबर इचारीन."

स्क्रीनवर ते सहा आकडे होते. महिन्यापूर्वीचे, कशाच्याही कामाचे नसलेले. त्यांचा हात तसाच पुढे राहिला, मग त्यांनी फोन खिशात टाकला.

"पालक म्हनून मले टाक. सही मी करतो. तुही माय भांडे घासते, तिच्या सहीले कोन पुसते? नाहीतर मी इथं लिहून देतो, का बाप जित्ता हाय, कमावते, अर्ज खोटा हाय."

हे ते अगदी हळू बोलले. मग म्हणाले, "लयच आवाज येऊन राहिला," आणि उठून खिडकीकडे गेले. त्यांनी झडप ओढून घेतली आणि बोटाने कडी दाबली.

मी टेबलाची कड धरली. मी पायांच्या बोटांकडे बघायला लागले होते.

"ती उघडी राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "मला हवा लागते."

बाबा वळले.

"उघडा ती," मॅडम पुन्हा म्हणाल्या, कुठल्याही विद्यार्थ्याला रांगेत उभं राहायला सांगावं तशा. आणि बाबांनी खिडकी उघडली. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना लावलेली खिडकी उघडताना पाहिलं नव्हतं.

"हे बघा," मॅडम पुढे म्हणाल्या, "अर्ज तिचा आहे. ती सज्ञान आहे. कोर्टाचा निकाल जोडलेला आहे. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लेखी द्या. मी पोच देते."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच सांग बेटा. बापाले टाकते का नाई?"

माझा आवाज कुठून निघाला, मला ठाऊक नाही. तो माझ्या आवाजासारखा नव्हता. "बाबा, अर्ज आईच्या उत्पन्नावर भरलाय. तो तसाच राहू द्या."

त्यांनी खिशातला फोन चाचपला. मग "बरं" म्हणाले आणि गेले. त्या "बरं"चा अर्थ मी पुढचे कित्येक दिवस लावत होते. आमच्या घरात "बरं" म्हणजे होकार कधीच नसायचा.

त्या दिवशी मॅडम मला स्वतःच्या स्कूटरवर स्टेशनवर सोडायला आल्या. त्यानंतर रोज कॉलेज सुटलं की आधी मी गच्चीवरून रस्ता बघायची. समोर चहाच्या टपरीजवळ ट्रक उभा असला की जिन्यातच बसून राहायची, तो गेला की निघायची. ते ट्रक बहुतेक दुसऱ्यांचेच असत. एकदा मात्र बाबा होते. ग्लास हातात घेऊन फाटकाकडे बघत उभे होते. मी तीन मैत्रिणींच्या मधोमध चालत गेले. त्यांनी हाक मारली नाही. हाक न मारणं मला जास्त भयंकर वाटलं.

आईला मी हे सांगितलं का? पहिल्या दिवसाचं सांगितलं. टपरीचं नाही.

मग एका सकाळी गाडीत असताना फोनवर मेसेज आला, अर्ज त्रुटीमुळे परत पाठवला आहे. माझ्या कानांत मोटरीसारखा आवाज सुरू झाला. दिलं त्यांनी लिहून, एवढंच डोक्यात होतं. गोंदिया येईपर्यंत मी मनाने कॉलेज सोडून बसले होते. आईसोबत स्वयंपाकाला उभी राहिलेली मी मला दिसत होते. धावत ऑफिसात गेले तर मॅडम चष्मा लावून स्क्रीन बघत होत्या.

"अगं, निकालाच्या नकलेचं एक पान उलटं स्कॅन झालंय. वाचता येत नाही म्हणून परत आलाय."

"बाबांनी काही..."

"त्यांनी काही दिलं नाही. निदान माझ्याकडे तरी नाही."

मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. मॅडमनी पान सरळ करून पुन्हा चढवलं आणि मला वर्गात पाठवलं.

थंडी सुरू झाल्यावर अर्ज मंजूर झाला. बाबा नंतर कॉलेजात आले नाहीत. मामाकडून कळलं की ते रायपूरकडच्या एका मालकाच्या गाडीवर गेले. ते फोन घेऊन रस्त्याकडेला का बसले होते, मुलीला मदत करायला की दोरी हातात ठेवायला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. आता मी नर्स आहे, रोज किती तरी माणसांचे बाप बघते, तरी नाही.

मंजुरीचा मेसेज आला त्या दुपारी मी वसतिगृहात गेले. आई मोठ्या गंजात तांदूळ धूत होती. मी फोन तिच्यापुढे धरला. तिचे हात ओले होते, म्हणून मीच वाचून दाखवलं.

"म्हंजे झालं?" तिने विचारलं.

"या वर्षीचं झालं."

"अन् पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुन्हा भरावा लागेल. दरवर्षी."

तिने गंजातले तांदूळ पुन्हा चोळले. "मंग त्याले पुन्हा मालूम पडन?"

"नाही पडणार आई. नंबर आता माझा आहे."

"नंबराचं नाई म्हनत मी, त्याचं म्हनतो," ती म्हणाली. पाणी ओतून दिलं, दुसरं घेतलं, आणि मला म्हणाली, "बस. भात होईपर्यंत जाऊ नको कुठं."